रिकाम्या सभागृहातले प्रेक्षक

१

सभागृहाला बाहेरून कुलूप होतं, आत काळोख होता, आणि यंत्र म्हणत होतं की आत हजारभर माणसं बसली आहेत.

मीटरताईने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. पडद्यावरचा आकडा काही हलला नाही. उलट तिच्या डोळ्यांदेखत तो आणखी वर सरकला.

"बघितलंत?" व्यवस्थापक साहेब म्हणाले. "महिनाभर हेच चाललंय. आत चिटपाखरू नाही आणि यंत्र म्हणतं हाउसफुल्ल!"

मीटरताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण मोठमोठ्या इमारती वीज कुठे खातात आणि कुठे नुसतीच उधळतात, हे हुडकून काढायचा तिचा धंदा, त्यामुळे तिला लोक त्याच नावाने ओळखत. नाट्यगृहं, प्रदर्शनाचे हॉल, बंदिस्त क्रीडांगणं, अशा अवाढव्य जागांत ती मीटर घेऊन हिंडायची आणि लोकांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगायची. साहजिकच तिला परत चहाला कुणी बोलावत नसे.

गेल्या वर्षी ह्या सभागृहाने कात टाकली होती. जुने भगभगीत दिवे गेले, थंड हवा बाहेर सांडू नये म्हणून दुहेरी दारं आली, आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे श्वासावर चालणारे पंखे आले. माणूस श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. यंत्र हवेतला तो वायू मोजतं, त्यावरून आत किती माणसं आहेत याचा अंदाज बांधतं आणि तेवढ्यापुरतेच पंखे आणि गारवा चालू ठेवतं. माणसं नाहीत तर पंखे नाहीत. वीज वाचली, धूर वाचला, आणि सभागृहाला 'कमी कार्बनचं सभागृह' असं प्रमाणपत्र मिळायचं नक्की झालं. साहेबांनी त्याच्यासाठी प्रवेशदाराजवळच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

आणि मग रिकाम्या सभागृहात प्रेक्षक येऊन बसू लागले.

"हे सगळं तुमच्या मामांचं कारस्थान आहे," साहेब म्हणाले.

हा घाव मीटरताईला ठाऊक असूनही लागला. मामा म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ. पंख्यांच्या यंत्रघरात त्याची हयात गेली होती, आणि तिथला लहानथोर प्रत्येक जण त्याला मामाच म्हणे. नवं यंत्र आलं तेव्हा तो चारचौघांत बोलून गेला होता, "ह्या डबड्याला काय कळतंय माणसांचं? एक दिवस हेच तुम्हाला गोत्यात आणेल." झालं. विजेचा वापर वाढला तसं साहेबांना ते वाक्य आठवलं. परवा सकाळी त्यांनी सगळ्या नोकरमाणसांना प्रवेशदाराजवळ गोळा केलं आणि त्यांच्यादेखत मामाला 'घरभेदी चोर' म्हटलं. यंत्रघराची चावी काढून घेतली.

"उद्या दुपारी विश्वस्त येतायत," साहेब म्हणाले. "तोवर दुसरा कुणी सापडला नाही तर मामांना काढून टाकायचं ठरलंय. आणि तेही ठपका ठेवून."

"मी त्यांची सख्खी भाची आहे, हे माहीत असून मला बोलावलंत?"

"म्हणून तर बोलावलं. परक्याने त्यांना दोषी ठरवलं तर लोक म्हणणार, साहेबांनी काटा काढला. भाचीनेच ठरवलं की कुणाला तोंड उघडायला जागा नाही."

माणूस बेरकी होता खरा. मीटरताईने राग गिळला आणि कामाचं विचारलं. "पंखे आत्ता बंद आहेत ना?"

"परवापासून मेन स्विचच खाली केलाय. कुलूप लावलंय, किल्ली माझ्या खिशात. यंत्राने कितीही बोंब मारली तरी कार्यक्रमाच्या वेळेखेरीज पंखा फिरणार नाही."

"आणि मामा यंत्रघरात नाहीत. मग आकडा कमी व्हायला हवा होता."

साहेबांनी मान खाली घातली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज नरमला.

"तिथंच तर गाडी अडलीय. मामा गेल्यापासून आकडा दुपटीने वाढलाय."

२

यंत्र बसवणारा माणूस आला तो आधीच फुरंगटून. यंत्रवाला म्हणूया आपण त्याला. बूट इतके चकचकीत की त्यांत तोंड बघून घ्यावं, आणि हातात लहान मुलाच्या खेळण्याएवढं एक मोजणीचं यंत्र.

"सगळे माझ्या यंत्राला नावं ठेवतात," तो म्हणाला. "बाई, मी ते दोनदा बदललं. नवं बसवलं तरी तेच. आता मी काय बदलू? सभागृह?"

"तुमचं देखभालीचं कंत्राट संपत आलंय म्हणे," मीटरताईने खडा टाकून बघितला. "यंत्र बिघडलं की ते वाढतं का?"

यंत्रवाल्याचे कान लाल झाले. "बिघडलं की ते *रद्द* होतं. मी काय स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ?"

हे पटण्यासारखं होतं. संशयिताची बाजू पटू लागली की तपास करणाऱ्याचं डोकं दुखायला लागतं, तसं तिचं लागलं.

दोघं आत गेली. दिवे लावल्यावर लाल खुर्च्यांच्या रांगाच रांगा समोर आल्या. एकूण एक खुर्ची रिकामी. तरी मीटरताईने दोन रांगांमध्ये वाकून बघितलं आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटली. हजार माणसं काय खुर्चीखाली लपतात?

यंत्रवाल्याने हातातलं यंत्र वरच्या गॅलरीत धरलं. आकडा अगदी साधा, बागेतल्या हवेसारखा. मधल्या रांगांत थोडा जास्त. मग ती दोघं रंगमंचाजवळ आली. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत एक लोखंडी जाळी होती. सभागृहातली वापरलेली हवा पंखे इथूनच परत ओढून घेत, आणि श्वास मोजणारं यंत्रही ह्याच जाळीच्या आत बसवलेलं होतं. यंत्रवाल्याने हात जाळीशी नेला मात्र, त्याचं ते चिमुकलं यंत्र किंचाळायला लागलं.

"अगं आई गं!" तो दोन पावलं मागे सरला.

"म्हणजे तुमचं मोठं यंत्र खोटं बोलत नाहीये."

"मी केव्हाचा तेच सांगतोय! वायू आहे. भरपूर आहे. फक्त..." त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "फक्त तो सोडतंय कोण?"

"आणि वर गॅलरीत नाही, पुढे आहे."

"सगळे पुढच्या रांगेत बसलेत म्हणा," यंत्रवाला म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही.

मीटरताई पुरती बुचकळ्यात पडली. यंत्र बिघडलेलं असतं तर गोष्ट सोपी होती. कुणी पंखे हाताने चालवत असता तर त्याहून सोपी. पण यंत्र खरं बोलत होतं, आणि खरं बोलून अशक्य ते सांगत होतं. ना शेंडा ना बुडखा! मामा कितीही चिडला तरी एकटा माणूस हजारांचा श्वास कुठून सोडणार?

तिने ठरवलं, आता मामालाच गाठायचं.

३

मामाच्या घराचं दार मामीने उघडलं. "ये गं! बरी आलीस. हे आत्ताच आलेत कामावरून."

मीटरताई उंबऱ्यातच थबकली. कामावरून? पलीकडे खुर्चीत मामा बसला होता. त्याने भाचीकडे बघून डोळे असे काही मोठे केले की ती मुकाट्याने चपला काढून आत आली.

म्हणजे मामीला काही ठाऊकच नव्हतं. परवापासून मामा रोजच्यासारखा सकाळी डबा घेऊन निघत होता आणि संध्याकाळी परत येत होता. ज्या माणसाने आयुष्यात कधी उशीर केला नाही, तो आता नसलेल्या कामावर वेळेत जात होता. मीटरताईला एकदम भरून आलं.

मामी चहा टाकायला आत गेली तशी ती खुर्ची ओढून मामाजवळ बसली. "मामा, दिवसभर असतोस कुठे?"

"असतो. कुठे जातोय मी?"

"सरळ सांग ना."

"अगं, सभागृह म्हणजे काय साहेबाच्या तीर्थरूपांचं आहे? बसतो एका बाजूला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." त्याने दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. "जरा हळू बोल. डोकं नुसतं ठणकतंय. कालपासून चढताना धापही लागते. वय झालं, दुसरं काय."

"तू त्या यंत्राला काही केलंस का? खरं सांग. मी रागावणार नाही."

मामाने कपाळावरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "सगळ्या जगाने विचारलं असतं तरी चाललं असतं गं. तू विचारायला नको होतंस."

मामी चहा घेऊन आली आणि विषय बदलला. मीटरताईने चहा कसाबसा संपवला. तिची खात्री होती की मामा खोटं बोलणार नाही. पण एक गोष्ट तो लपवत होता, आणि तीच नेमकी सभागृहातली होती. मायेपुढे डोकं चालत नाही म्हणतात. तिचं ना डोकं चालत होतं ना माया गप्प बसत होती.

निघताना मामी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "यांना परवापासून घास गोड लागत नाही. कामावर काही झालंय का गं?"

"काही नाही मामी," मीटरताई म्हणाली, आणि पुढच्या वळणापर्यंत तिने मागे वळून बघायचं टाळलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच सभागृहात लगबग होती. संध्याकाळी नृत्यनाट्याचा प्रयोग होता. महिनाभर गाजत असलेला. शेवटच्या प्रवेशात नायिका गुडघाभर पांढऱ्या धुक्यातून चालत जाते म्हणे, आणि लोक त्या धुक्यासाठी पुन्हा पुन्हा तिकीट काढतात.

ते धुकं करणारा माणूस म्हणजे धुकेमास्तर. गोल पोट, गोल चेहरा, हातात कोपरापर्यंतचे जाड चामडी हातमोजे. मालाची गाडी नुकतीच येऊन गेली होती आणि तो रंगमंचाच्या कडेला बसून घाम पुसत होता.

"ताई, तुम्ही चोर शोधताय ना? मग माझाही शोधा. माझ्याकडे तर राजरोस दरोडा पडतोय!"

"तुमचं काय गेलं?"

"माल! आठवड्यातून एकदा गाडी येते. मी मोजून घेतो, पेटीत भरतो, कुलूप घालतो. प्रयोगाला पेटी उघडावी तर निम्मा गायब! थोडी घट मी धरलेलीच असते हो, धंदाच तसा आहे. पण निम्मा? शेवटच्या प्रवेशात नायिकेच्या घोट्याएवढंही धुकं होत नाही. परवा तिचे पाय दिसले. दिग्दर्शक माझ्या अंगावर धावून आला."

"कुलूप तोडलं होतं?"

"छे! जसंच्या तसं. पेटीचं झाकण जरा तडकलंय, जिन्यावरून उतरवताना आपटलं, पण फटीतून माझी करंगळी जाणार नाही. त्यातून कोण काय काढणार?"

मीटरताई अर्धंच ऐकत होती. दुसऱ्या नाट्यगृहांत धुक्याचं यंत्र तिने पाहिलं होतं. बाटलीतलं पातळ औषध तापवायचं की धूर. बाटल्या चोरीला जातात तर जावोत, तिच्या मामाची अब्रू चालली होती. ती उठायला लागली, तेवढ्यात धुकेमास्तरने आवाज खाली आणला.

"एक सांगू? बोलू नये, तुमचेच मामा आहेत. पण मी त्यांना बघितलं. काल. रंगमंचाखालच्या खोलीतून चोरासारखे वर आले, इकडे तिकडे बघत. माझी पेटी तिथंच असते."

मीटरताई परत खाली बसली.

म्हणजे मामा लपवत होता ते हेच? रंगमंचाखाली. त्या जाळीच्या मागची खोली. वायूचा आकडा तिथंच सगळ्यात जास्त, माल तिथूनच नाहीसा होतो, आणि मामा तिथूनच लपतछपत वर येतो. साहेबांना हे कळलं तर विश्वस्तांची गाडी फाटकात शिरायच्या आधीच निकाल लागेल.

आणि विश्वस्तांची गाडी फाटकात शिरतच होती.

५

साहेब हसतमुखाने पाहुण्यांना वरच्या बैठकीच्या खोलीत घेऊन गेले. मीटरताई उपाहारगृहाच्या मागच्या अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यात नुसता काला झाला होता. एकीकडे रिकाम्या जागेत काहीतरी *येत* होतं आणि कुणाला दिसत नव्हतं. दुसरीकडे बंद पेटीतून काहीतरी *जात* होतं आणि तेही कुणाला दिसत नव्हतं. एका सभागृहात दोन चोऱ्या, आणि एकीलाही चोर नाही!

साफसफाईवाल्यांची मुकादम, मावशी, तिथे खराटा आपटत होती.

"काय ताई, तोंड का उतरलंय? सापडेल हो चोर. माझं तर म्हणणं, देव करतो ते बऱ्यासाठीच. मामांना काढलं ते वाईट झालं, पण तेव्हापासून माझा एक ताप गेला बघा. रंगमंचाखाली उंदरांनी उच्छाद मांडला होता. पिंजरे लावले, औषध घातलं, ढिम्म! आणि आज सकाळी बघते तर चार मोठे उंदीर आपोआप मरून पडलेले. औषध नाही, काही नाही. झोपल्यासारखे."

"आपोआप?"

"हो ना. आता जाऊन ते टाकते कचऱ्यात." मावशीने खराटा ठेवायला एक जाड पत्र्याचं दार उघडलं. आत मोडक्या खुर्च्या, बादल्या, जुने पडदे.

मीटरताईने त्या दाराची जाडी बघितली. "मावशी, ही तर शीतखोली आहे!"

"होती. साहेबांनी महिन्यापूर्वी बंद केली. म्हणाले, दोन डबे आइस्क्रीम आणि धुकेमास्तरांची पेटी, एवढ्यासाठी रात्रंदिवस वीज कशाला जाळायची? कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, बटण बंद. मग मास्तर बिचारे पेटी घेऊन गेले रंगमंचाखाली. म्हणाले, त्यातल्या त्यात तिथं गार असतं."

"धुक्याचं औषध शीतखोलीत कशाला ठेवायचं?"

"औषध कुठलं? बर्फ असतो तो. पांढरा. हात लावला तर भाजतो, आणि गंमत म्हणजे वितळला तर फरशी ओली होत नाही. पुसायचं काम नाही!"

मीटरताईने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कोरडा बर्फ. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, दुसरं तिसरं काही नाही. तो वितळून पाणी होत नाही, उडून वायू होतो. पेटीतून जात होता तोच सभागृहात येत होता. हजार प्रेक्षक तडकलेल्या झाकणातून बाहेर पडत होते.

एका क्षणात सगळा गुंता सुटला, आणि तितक्याच झटक्यात तिला दरदरून घाम फुटला. तो वायू हवेपेक्षा जड. खाली साचून राहणारा. रंगहीन, कुणाला दिसणार नाही. पंखे चालू होते तोवर ते त्याला जाळीतून ओढून बाहेर टाकत होते. वीज वाया जात नव्हतीच, यंत्र इमानेइतबारे त्या खोलीला श्वास पुरवत होतं. तीन दिवसांपूर्वी साहेबांनी मेन स्विच खाली केला. त्यानंतर उंदीर मेले. त्यानंतरच मामाचं डोकं दुखायला लागलं, धाप लागायला लागली.

आणि आज सकाळी तर ताजा माल आला होता.

"मावशी, मामा आत्ता कुठे आहेत?"

मावशीने इकडे तिकडे बघितलं. "कुणाला सांगू नका हं. घरी कळू नये म्हणून तिथंच बसतात बिचारे दिवसभर. आत्ताच डबा घेऊन खाली गेले."

६

बैठकीच्या खोलीचं दार भिंतीवर आपटलं तेव्हा साहेब विश्वस्तांना प्रमाणपत्राबद्दल सांगत होते.

"किल्ली द्या! पंख्यांची!"

"हे काय वागणं? तुमचा अहवाल कुठे आहे? चोर कोण ते आधी..."

"चोर तुम्ही!" मीटरताई ओरडली. "शीतखोली तुम्ही बंद केलीत. मास्तरांचा बर्फ खाली गेला, त्याचा वायू झाला, यंत्राला ती माणसं वाटली. पंखे त्याला बाहेर टाकत होते, तेही तुम्ही बंद केलेत. आता तो खाली साठलाय आणि माझा मामा त्यात बसलाय. चर्चा नंतर करू. किल्ली!"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण एक मात्र म्हटलं पाहिजे, त्यांनी किल्ली दिली नाही, ते स्वतः उठून धावले. कोट खुर्चीवर, एक बूट जिन्यात. मीटरताई पोचेपर्यंत यंत्रघरात कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि मग मोठे पंखे घुमायला लागले. सगळेच्या सगळे, पूर्ण वेगाने.

खाली मामा अडकलाय हे कळताच धुकेमास्तर रंगमंचाखालच्या जिन्याकडे झेपावला तशी तिने त्याची कॉलर धरली. "थांबा! घाईत उतरलात तर तुम्हीही तिथंच पडाल. आधी मागचं मोठं दार उघडा. छाती भरून श्वास घ्या. खाली वाकायचं नाही, आणि दम सुटायला लागला तर लगेच वर."

मागचं दार उघडलं. पंख्यांनी जाळीतून ओढायला सुरुवात केली. थांबायचे ते क्षण मीटरताईला जन्मभर पुरतील. मग मास्तर उतरला, मागोमाग ती. खाली पिवळा दिवा जळत होता. मामा जमिनीवर नव्हता. नाटकाच्या सामानातल्या एका उंच सिंहासनावर चढून बसला होता, जमिनीवर उंदीर फिरतात म्हणून. डबा उघडा, मान एका बाजूला कललेली.

ते सिंहासन नसतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

दोघांनी त्याला काखेत हात घालून वर आणला. मागच्या दाराबाहेर, उघड्यावर, मोडक्या फरशीवर निजवला. ओठ निळसर. मीटरताई "मामा, मामा" करत त्याचे गाल थोपटत होती, धुकेमास्तर उभ्या उभ्या रडत होता, आणि एकाच पायात बूट घातलेले साहेब रुग्णवाहिकेला फोन करत होते. पत्ता सांगताना त्यांना स्वतःच्याच सभागृहाचं नाव आठवेना.

मग मामाने एक लांब, घरघरणारा श्वास घेतला. अख्खं अंगण थांबलं होतं त्या श्वासासाठी.

संध्याकाळी इस्पितळात मामाच्या नाकाला नळी होती आणि चेहऱ्यावर रंग परत येत होता. मामी शेजारच्या स्टुलावर बसली होती. सगळी हकीकत तिला मीटरताईनेच सांगितली होती, आणि ऐकून ती नवऱ्याला एक शब्दही बोलली नव्हती. नुसता त्याचा हात धरून बसली होती.

दार लोटून साहेब आत आले. तो प्रयोग रद्द झाला होता, शीतखोली पुन्हा सुरू झाली होती, विश्वस्तांनी मामाचा ठपका कागदावरून पुसला होता. हे सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. "चुकलं माझं, मामा. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. बरे झालात की या कामावर. यंत्रघराची चावी तुमचीच."

मामाचे डोळे भरून आले. त्याने मान हलवायला सुरुवात केली, तेवढ्यात मामी उठून उभी राहिली.

"नाही येणार ते," ती म्हणाली.

साहेब चपापले. "म्हणजे?"

"इथं चार भिंतींत येऊन हळूच सांगितलंत. चोर मात्र हळूच म्हणाला नव्हतात. सगळ्यांना गोळा करून म्हणालात. तसंच सगळ्यांना गोळा करा. त्याच जागी उभे राहा आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगा की ह्या माणसाने काही केलं नव्हतं. मग येतील."

"अगं, असं काय बोलतेस," मामा नळीतून पुटपुटला. "साहेब आहेत ते."

"असू देत साहेब," मामी म्हणाली. "मी बायको आहे."